लव्हाळ्याची गाठ

काल बावधनच्या फ्लॅटच्या गॅलरीत कुंडी उकरताना लव्हाळ्याच्या तणाची मुळाशी असते ती गाठ हाती लागली. नखाने खरवडली, आणि त्या गोडसर, मातकट वासासरशी मी पंधरा वर्षांपूर्वीच्या कोळवणच्या घरात, कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले.

गावच्या सप्त्याची पत्रिका करायची म्हणून मी कुठूनसा फुकटचा मराठी फाँट उतरवला होता. त्याच्यासोबत जाहिरातींचं एक सॉफ्टवेअर घुसलं. ते काढून टाकावं, तर मशीन पुन्हा सुरू करताच परत हजर. पत्रिका बघायला आलेल्या भजनी मंडळासमोर पडद्यावर अर्ध्या कपड्यांतल्या बाया झळकल्या, तेव्हा माझे वडील मान खाली घालून एवढंच म्हणाले, "उद्या हे खोकं इकून टाकतो."

आई भातखाचरात खुरपून आली होती. हातही न धुता माझ्या मागे उभी राहिली. तिच्या बोटांना हाच वास होता. "वरवर उपटतीयास तू," ती म्हणाली. "लव्हाळा हाय त्यो. खाली गाठ ऱ्हायली की पुन्यांदा फुटतोय."

मग मी खाली शोधत गेले. मशीनबरोबर आपोआप काय काय सुरू होतं, त्या यादीत एक अनोळखी नाव सापडलं. ते बंद केलं, त्याचं फोल्डर पुसलं, मशीन पुन्हा सुरू केलं. पडदा स्वच्छ होता. खोकं घरात राहिलं.

आज लोकांच्या मशीनमधली असली सॉफ्टवेअर शोधून काढायच्या कामावरच माझं पोट आहे. काल आईला फोन करून कुंडीचं सांगितलं, म्हटलं, तुझ्यामुळंच झालं सगळं.

"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "कुंडीतली गाठ सबंध निघाली का, ते बघ."