संत अंतोनीला लागलेला खांदा

"सोड."

व्हिक्टर सर माझ्या बाबाला म्हणाले. भर मिरवणुकीत.

बाबाच्या खांद्यावर संत अंतोनीची पालखी होती. पालखीवर कमरेएवढा प्लास्टरचा पुतळा, हातात बाळ येशू. जूनचं ऊन. चौघं खांदेकरी होते, सगळे व्हिक्टर सरांच्या भावकीतले. त्यातला मागचा एक भोवळ येऊन खाली बसला. पालखी कलली. बाया ओरडल्या. बाबा आमच्या लोकांसोबत सगळ्यांत मागं चालत होता. तो धावला, दांड्याखाली खांदा घातला. पुतळा सावरला.

मला वाटलं, आता लोक शाबास म्हणतील.

"सोड म्हन्लं ना! तुले कोनं हात लावाले सांगतलं?"

"सर, सोडलो तं पडन."

"पडू दे. पण तू सोड."

बाबानं आजूबाजूला पाहिलं. कुणीतरी येईल, खांदा घेईल. कुणी आलं नाही. इतकी माणसं उभी होती, तरणीताठी. व्हिक्टर सरांनी छत्री मिटली आणि तिच्या टोकानं बाबाच्या खांद्याला ढोसलं. हातानं नाही. छत्रीनं. एकदा, परत एकदा, गुराला ढोसतात तसं.

बाबानं सोडलं.

संत अंतोनी डांबरावर तोंडघशी पडला. हात तुटला. बाळाचं मुंडकं गडगडत माझ्या चपलेपाशी आलं.

आम्ही महार. माझ्या आज्याच्या भावांनी पुढे बुद्ध धम्म घेतला, आज्यानं त्याआधीच बाप्तिस्मा घेतला होता. जात गावातच सोडून आलो, असं तो म्हणायचा. व्हिक्टर सरांच्या आज्यानंही बाप्तिस्माच घेतला होता. पण ते मालगुजार, गावच्या जमिनीचे मालक. त्यांनी काहीच सोडलं नव्हतं. पुढचे बाक त्यांचे, पालखी त्यांची. माझा बाबा गवंडी. चर्चच्या भिंतीतले कोनाडे त्यानंच बांधले होते, मारियेचा, योसेफाचा, अंतोनीचा. कोनाडा बांधेपर्यंत आमचा हात चालतो. त्यात संत बसला की चालत नाही.

चर्चच्या मंडळाची बैठक झाली. ठरलं, मूर्ती यानं पाडली.

फादर बाहेरचे होते, नवीन होते. घरी आले, आईनं दिलेला चहा प्यायले आणि म्हणाले, "शांततेसाठी माफी मागून टाका."

रविवारी मिस्साची उपासना संपल्यावर बाबा वेदीसमोर गुडघे टेकून बसला. हजामत करून आला होता. धुतलेला सदरा होता.

"पूर्ण घर," व्हिक्टर सर बाकावरूनच म्हणाले.

आई उठली. बाबाच्या बाजूला जाऊन बसली. मी उभी राहिले. नुकतीच बारावी झाले होते. आईनं माझी ओढणी ओढली.

"बस ना माय," बाबा खालून हळूच म्हणाला. "बस. संपून जाईन."

मी खाली त्याच्याकडे पाहिलं. गुडघ्यावर बसलेला माझा बाप मला पोरासारखा विनवत होता.

"माझ्या बाबानं मूर्ती पाडली नाही," मी म्हणाले. आवाज फाटला. "तुम्ही पाडायला लावली. छत्रीनं ढोसून. या सगळ्यांनी पाहिलं."

व्हिक्टर सर हसले.

"फादर, पाहा. शिकवलं की असं होते."

लोकही हसले. तेच लोक, जे पालखीमागे मेणबत्त्या घेऊन चालले होते. बाबानं माफी मागितली. आम्हा तिघांच्या वाटची, एकट्यानं.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या ठाण्यात गेले. बाबा आला नाही. जमादारानं सगळं ऐकून घेतलं. नीट ऐकलं.

"लेकिन आप लोग तो क्रिश्चन हो गए ना? तुमच्यात जात असते काय?"

"कागदावर नसते," मी म्हणाले.

"मग कागदावर ॲट्रॉसिटी कशी लावू?"

मी ठाण्याबाहेर आले. समोर बसस्टँड होता. भजी तळणं चालू होतं, कंडक्टर गावांची नावं ओरडत होता. तिथं उभ्या उभ्या मला कळलं की आम्हाला मारायला आमची जात आहे, आणि वाचवायला काहीच नाही. फादर नाही, कायदा नाही. संत तर नाहीच, त्याला उचलायलाच माणसं लागतात.

बाबा त्यानंतर चर्चच्या आत गेला नाही. आईला दारापर्यंत सोडतो आणि बाहेर चिंचेखाली बसून राहतो.

कोनाड्यात नवा अंतोनी आला. खाली संगमरवरी पाटी, व्हिक्टर सरांच्या घराण्याच्या नावाची.

मी आता शिक्षिका आहे. बाया म्हणतात, "कायले येतं व इथं? दुसऱ्या चर्चात जा, नाही तं बुद्धविहारात जा." मी कुठंही जात नाही. दर रविवारी पहिल्या बाकावर बसते. मी बसले की तो बाक रिकामा होतो. मिस्सेत फादर सांगतात, एकमेकांना शांती द्या. लोक वळून हात जोडतात. माझ्याकडे आले की माना फिरतात.

फिरू द्या. मला तुमची शांती नको. व्हिक्टर सर म्हातारे झालेत, काठी टेकत येतात. मला त्यांची कीव येत नाही. याच वेदीसमोर, याच लोकांदेखत त्यांनी माझ्या बाबापुढे गुडघे टेकायचे आहेत. ते मेले तर त्यांच्या पोरानं. तोवर मी शांती देणार नाही आणि घेणार नाही.