एर्सिलियामावशीचा हंडा

आमच्या पिएत्रानेरा या डोंगरगावात एर्सिलियामावशीला दोन गोष्टींसाठी ओळखत. तिच्या मागावर विणलेल्या घोंगडीतून बर्फाचं पाणी आत येत नसे, ही एक. आणि तांब्याचा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन, हात न लावता, ती झऱ्यापासून घरापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या चढायची, ही दुसरी. नवरा तरुणपणीच खाणीत दबून मेला. एकुलता एक दोनातो रशियाच्या आघाडीवर गेला आणि त्याची पत्रं यायची थांबली. मावशीची मान मात्र ताठच राहिली. हंडा डोक्यावर असताना मान खाली घालून कसं चालेल, असं ती म्हणायची.

त्रेचाळीसच्या सप्टेंबरात आमच्या सरकारनं इंग्रजांपुढे शस्त्रं टाकली. खालच्या खोऱ्यातल्या छावणीचे पहारेकरी पळाले आणि जर्मन येऊन पोचायच्या आत शेकडो इंग्रज कैदी डोंगरात पांगले. त्यातला एक मावशीच्या गवताच्या माळ्यावर सापडला. नाव विल्फ्रेड. पायात एकच बूट आणि अंगात सणसणून ताप. ज्या घरात कैदी सापडेल ते घर जाळू आणि घरच्यांना गोळ्या घालू, असा कागद चौकात चिकटवलेला होता. मावशीला वाचता येत नव्हतं. गावची पावाची भट्टी चालवणाऱ्या लोरेतानं तो तिला दोनदा वाचून दाखवला.

"ऐकलंस ना नीट?"

"ऐकलं. आता पाव दे. आजपासून एक जास्तीचा."

गावाला सांगितलं, हा सांते, वरच्या वस्तीतल्या चुलत बहिणीचा मुलगा, जन्माचा मुका. गावानं मान डोलावली. विश्वास कुणाचाच बसला नाही आणि पुढे कुणी विचारलंही नाही. जर्मनांची तशी भीती नव्हती, आमचा कोण आणि परका कोण हे त्यांना कुठून कळणार? भीती होती रेमोची. रेमो आमच्याच गावात जन्मलेला, पण अंगात फॅसिस्टांचा काळा सदरा चढवून खालच्या शहरात राहायला गेलेला. आठवड्यातून दोनदा वर यायचा. आमचं उठणं, बसणं, थुंकणं, सगळं त्याला माहीत.

म्हणून मावशीनं त्या पोराला नव्यानं वाढवलं. मक्याचं पीठ घट्ट शिजवून पाटावर ओततात, मध्ये सॉसेज ठेवतात आणि जो तो आपल्या कडेपासून खात मध्याकडे जातो. पहिल्याच दिवशी यानं सरळ मधलं सॉसेज उचललं. मावशीनं चमच्यानं बोटं शेकली. पाव पालथा ठेवला, आमच्यात तो अपशकुन, पुन्हा चमचा. चालायचा तर कवायतीसारखा, ढांगा टाकत. "डोंगर काय तुझ्या बापाचा नोकर आहे? त्याला विचारत विचारत चाल," म्हणून तिनं त्याला महिनाभर मेंढ्यांमागे पाठवलं. पाव हातात दिला की तो मान झुकवून आभार मानायचा. "आईचे आभार मानतं का कुणी? घे आणि खा." डिसेंबरापर्यंत तो बाहीला तोंड पुसू लागला, दोनातोच्या डगल्यात दोनातोसारखा खांदा पाडून चालू लागला. कधी कधी मावशी त्याला मागून बघायची आणि मग उगाचच चुलीत फुंकत बसायची.

एक खोड मात्र तिनं काढली नाही. ती खोलीत आली की तो उठून उभा राहायचा. हातात घास असो, मांडीवर कोकरू असो, उठायचाच. बावन्न वर्षांत बाप, भाऊ, नवरा, कुणीच तिच्यासाठी उठलं नव्हतं. हे मोडायला हवं हे तिला कळत होतं. उद्या सांगू, म्हणायची. रोज उद्या.

जानेवारीत पायऱ्यांवर बर्फ धरला. एका धुकट दुपारी मावशीचा पाय घसरला. हंडा तिनं सावरला, पण गुडघा फुटला. पोरगा लाकडं टाकून धावत खाली आला, हंडा उचलून खांद्यावर घेतला आणि चालू लागला. आमच्याकडे पुरुष ओंडका नेतो, मेंढी नेतो, तिरडीला खांदा देतो. हंडा नेत नाही. बायको बाळंतीण म्हणून एकानं पूर्वी एकदा नेला होता, त्याच्या नातवाला अजून 'पाणक्याचा' म्हणून हाक मारतात. मावशीनं ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही. लंगडत त्याच्या मागून पंधरा पायऱ्या चढली. डोक्यावर काही नव्हतं आणि तिला फार हलकं वाटत होतं.

वरच्या खेचरवाटेवरून रेमोनं ते पाहिलं. धुक्यात त्याला चेहरा दिसला नाही, मावशीही दिसली नाही. काळा डगला दिसला आणि खांद्यावर चमकणारं तांबं.

संध्याकाळी दारूच्या दुकानात तो मिशीत हसला. "आपला पुरुष मरेल, पण हंडा उचलणार नाही. म्हणजे इथे परका आहे. सकाळी जर्मन घेऊन येतो. जो हंडा नेईल, तोच माझा माणूस."

लोरेताचा नवरा चेसिदियो पेला अर्धा टाकून घरी आला. मावशी भट्टीशी गुडघा शेकत बसली होती. तिनं ऐकलं आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. बर्फानं खिंड बंद होती, पोराला पळवायला वाट नव्हती.

"त्याची चूक नाही गं," ती लोरेताला म्हणाली. "सगळं शिकवलं, बाईला मान द्यायची खोड तेवढी मोडली नाही. मला आवडायचं ते."

लोरेतानं भट्टीत एक लाकूड सरकवलं. मग नवऱ्याकडे वळली. "उद्या झऱ्याचं पाणी तू आणायचंस."

"मी? डोकं ठिकाणावर आहे का? माझा बाप थडग्यात उठून बसेल!"

"बसू दे. त्यालाही एक हंडा देते."

सकाळी झऱ्यावर सहा पुरुष होते. सत्तरीच्या बेरार्दिनो धनगरानं अर्धं पाणी स्वतःच्याच मानेवर ओतून घेतलं होतं. बायका ओट्यावर हात बांधून बसल्या होत्या.

"अहो, बाळाला धरल्यासारखा काय धरलाय? झोपणार नाही तो!"

"चेसिदियो, कंबर हलव जरा, नवरी शोभशील!"

सहावा सांते. तो हंडा भरून झऱ्याच्या कट्ट्यावर टेकला होता. रेमो जर्मन हवालदार आणि दोन शिपाई घेऊन आला आणि जागीच थबकला.

हवालदारानं मोडक्या बोलीत विचारलं, "पाणी नेतात. मग?"

"पण असं नसतं इथे! हे कधीच..."

"तू शहरात राहतोस, तुला काय माहीत?" चेसिदियो धापा टाकत म्हणाला. "बर्फात बायका पडतात. तुझ्या म्हाताऱ्या आईचा हंडा कोण नेतं, ते तरी बघितलंस का कधी?"

रेमोची आई तिथेच होती. तिनं आपला हंडा त्याच्या पायाशी ठेवला. शिपाई हसले. रेमो लालबुंद झाला, पण गेला नाही. एकेक चेहरा निरखू लागला. तेवढ्यात वरून मावशी उतरली, लंगडत, रिकामा हंडा कमरेवर घेऊन, सरळ कट्ट्याकडे.

त्या क्षणी गावात ज्याला त्याला एकच धास्ती होती, हा उठतो की काय. पोराचे गुडघे हलले. मावशीनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं पाय पुढे पसरले, बाजूला थुंकला आणि बसून राहिला.

"मेल्या, मी पाय फोडून घेतला आणि तू पसरलायस?" मावशी कडाडली. "ऊठ! हाही भर!"

तो कुरकुरत, डोकं खाजवत, अगदी सावकाश उठला. आईनं तीनदा हाक मारल्यावर आमची पोरं उठतात तसा. रेमोची नजर त्याच्यावरून पुढे सरकली.

घरी आल्यावर मावशी रडली. कशासाठी, ते तिनं लोरेतालाही सांगितलं नाही.

पाचव्या सकाळी खिंड मोकळी झाली. बेरार्दिनो त्याला खिंडीपलीकडच्या इंग्रजांकडे पोचवायला दारात आला तेव्हा पोरगा चुलीशी बूट बांधत होता. मावशी आतून पाव घेऊन आली. एका पायात बूट नसतानाही तो उठून उभा राहिला. तिनं त्याला बस म्हटलं नाही. पाव हातात घेऊन तिथेच जरा वेळ थांबली.

बायकांचे हंडे दुसऱ्याच दिवशी बायकांकडे परत गेले होते. चेसिदियो त्या एका हंड्याचं खांदादुखीचं गाणं वर्षभर गात होता. बेरार्दिनो तीन दिवसांनी परतला, काखेत दोनातोचा डगला.

"पोचला," तो म्हणाला. "तिथल्या साहेबाला काहीबाही सांगत होता. मला त्यातलं एवढंच कळलं, एर्सिलिया. तुझं नाव घेतलं तेव्हा टोपी काढली त्यानं."

मावशीनं डगला झटकला आणि दोनातोच्या खुंटीला परत अडकवला. मग हंडा घेऊन झऱ्यावर निघाली. दार ओढून घेताना तिनं एकदा वळून चुलीशेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.