भावड्याची नेक्स्ट ऑफ किन

मृण्मयी, निखिल,

त्या पावसाळ्यात माझं पोस्टिंग गुजरातमधल्या एका मिलिटरी हॉस्पिटलमध्ये होतं. रँक कॅप्टन, नर्सिंग ऑफिसर. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. सुरतेत पाणी शिरल्याची खबर आली आणि आमची तुकडी त्याच दुपारी निघाली. बारडोली रस्त्यावर, जरा उंचावरच्या एका शाळेत रिलीफ कॅम्प उभारायचा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो उभा राहिला. वर्गांमध्ये माणसं, मैदानात लंगर, गेटवर पहाऱ्याला संत्री. कोपऱ्यातला वर्ग जुलाब-उलटीच्या मुलांचा वॉर्ड. तो वॉर्ड माझा.

माणसं बहुतेक सुरतेच्या पांडेसरा या गिरणी-वस्तीतली होती. खानदेशातून आलेली, डाईंग मिलमध्ये पाळ्या करणारी. खाडीचं पाणी त्यांच्या खोल्यांत छातीपर्यंत चढलं होतं.

कॅम्पचे कमांडंट एक मेजर होते. त्यांचं नाव लिहीत नाही. ते आता हयात नाहीत, उत्तर देऊ शकत नाहीत. माणूस कष्टाळू होता. बोटींवर स्वतः जायचा, स्वतःच्या हातांनी म्हातारी माणसं उतरवायचा. हे लिहिणं माझं कर्तव्य आहे, म्हणून लिहिलं. माझा राग त्याने कमी होत नाही.

मेजरसाहेबांनी वॉर्डसाठी दोन नियम केले. पहिला, आत फक्त नेक्स्ट ऑफ किन येईल. हा फौजेचा शब्द आहे. प्रत्येक जवानाच्या कागदावर असतो: काही झालं तर कळवायचं कोणाला, म्हणजे सर्वांत जवळचं रक्ताचं नातं. दुसरा, वॉर्डातले नर्सिंग असिस्टंट संत्र्यांसारखे दर पाळीला बदलतील. एकच माणूस एका जागी राहिला की सुस्तावतो, असं त्यांचं म्हणणं. बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाबाबत ते खरं आहे. तापलेल्या दीड वर्षांच्या पोराला मात्र दर वेळी नवा हात, नवा वास, नवा आवाज मिळत होता.

भावड्या दीड वर्षांचा होता. खरं नाव प्रवीण. आईचा पाय भिंत पडून मोडला होता, तिला शहरातल्या हॉस्पिटलात हलवलं होतं. बाप अशोक कॅम्पमध्ये होता, म्हणून नेक्स्ट ऑफ किन तो. तो मिलमध्ये लागोपाठ दोन पाळ्या करायचा, आई साड्यांच्या घडी-पॅकिंगला जायची. पोर शेजारच्या खोलीतल्या जिजीकडे वाढलं होतं. त्या लायनीतली पाळीवाल्यांची सगळी पोरं जिजीच सांभाळायची. नात्याने ती कोणाचीच कोणी नव्हती.

जिजी गेटवर बसून होती. मी दिसले की उठायची.

"ताई, मले मझार जाऊ द्या. तो मना हातनंच खास."

"मावशी, तो तुमच्याच हातचं खातो, कळतं मला. पण आत सोडायचा हुकूम नाही."

"हुकूम दिन्हा त्याले इचारा, त्यानी कधी पोर पाजेल शे का?"

संत्री हसला. मी हसले नाही. तिचा प्रश्न बरोबर होता.

ड्रिपच्या बाटल्या आणणारी गाडी पुलापलीकडे अडकली होती. मी नाकातून नळी घातली, ती त्याने ओढून काढली; त्याच्या मापाची दुसरी नव्हती. आता उपाय एकच होता, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत राहणं. भावड्या पीत नव्हता. रडायचा, पाठ ताणायचा, थुंकायचा. अशोक जवळ आला की मान फिरवायचा.

"मॅडम, मी बाप शे ना त्याना?" अशोक मला म्हणाला. "घरी येतो तवा तो झोपेल ऱ्हास. तो उठतो तवा मी झोपेल ऱ्हातो. वळखीन कशावरून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भावड्या रडायचा थांबला. छताकडे बघत पडून राहिला. राउंडवर आलेले मेजरसाहेब खूश झाले.

"गुड. सेटल्ड."

"नो सर. ही हॅज गिव्हन अप."

"कॅप्टन, तुम्हाला शांतता पण आवडत नाही?"

मृण्मयी, गेल्या आठवड्यात तू फोनवर तुझ्या पिहूबद्दल म्हणालीस, ती क्रेशमध्ये अगदी सेटल झाली, आता रडत नाही, आणि मी एकदम गप्प झाले. तुझ्यावर रागावले नव्हते. मला तो वर्ग दिसला. मूल गप्प होतं ते दोन कारणांनी. एक तर त्याला आपलं माणूस सापडतं, किंवा आपलं माणूस येणार नाही अशी त्याची खात्री पटते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं.

आमचा डॉक्टर बोटीबरोबर वस्त्यांत होता. मी वायरलेसवर गेले.

"डॉक्टर, कॅम्प बोलतेय. मूल तोंडाने घेत नाही. ड्रिप कधी? ओव्हर."

"गाडी अजून पलीकडेच. कसंही करून पाजा. ओव्हर."

"पाजू शकेल अशी बाई गेटवर आहे. नेक्स्ट ऑफ किन नाही. आत घेऊ? ओव्हर."



"कॅम्प मेजरसाहेबांचा आहे. त्यांना विचारा. आउट."

मेजरसाहेब तेव्हा बोटीवर गेले होते. मी संत्र्याला सांगितलं, माझ्या जबाबदारीवर सोड. जिजी आत आली, हात धुतले, मांडी घातली आणि भावड्याला ओढून घेतलं. त्याने आधी तिच्याकडे बघितलं नाही. मग तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं आणि मोठ्याने रडला. वॉर्डातला सगळ्यात चांगला आवाज होता तो.

तिने चमचा भरला आणि पहिला घोट स्वतः घेतला. तोंड वाकडं केलं. "आई गं, कितलं खारट!" पोराने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि चमच्याकडे हात नेला. तिचा घोट, मग त्याचा. घरी ती असंच पाजायची. वाटी अर्धी झाली. अशोक दारात उभा राहून बघत होता.

तेवढ्यात मेजरसाहेब परत आले.

"यह औरत कौन है? और यह जूठा चमचा? इन्फेक्शन वॉर्ड है या मेला?"

"सर, मूल पितंय."

"पेशंटच्या तोंडात दुसऱ्याची थुंकी? तुम्ही नर्स आहात! बाहर करो इसे."

"सर, अर्धा तास द्या."

"दॅट इज ॲन ऑर्डर, कॅप्टन."

दोन जवानांनी जिजीला उठवलं. भावड्याच्या मुठीतून पदर सोडवावा लागला. मी स्वच्छ, उकळलेला चमचा घेतला आणि तिच्यासारखंच तोंड वाकडं केलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. दाराकडे बघत होता. त्यानंतर त्याने थेंबही घेतला नाही.

दुपारी तो गेला. ड्रिपची गाडी दिवस मावळताना आली.

रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, डिहायड्रेशन. चूक नव्हतं. मेजरसाहेब मला म्हणाले, "वुई फॉलोड प्रोसीजर." मी सॅल्यूट केला आणि बाहेर आले, कारण आणखी एक मिनिट थांबले असते तर कोर्ट मार्शल झालं असतं. ते झालं असतं तर बरं, असं मला आजही वाटतं.

नियमाप्रमाणे भावड्याला नेक्स्ट ऑफ किनच्या ताब्यात दिलं. अशोकने त्याला दोन्ही हातांवर घेतलं, मैदान ओलांडलं आणि गेटवर बसलेल्या जिजीच्या मांडीवर ठेवलं. संत्र्याने हटकलं नाही. तो सावधानमध्ये उभा राहिला. जिजीने पदराचं टोक काढून पुन्हा त्या मुठीत दिलं.

मृण्मयी, पिहूला क्रेशमध्ये सकाळी रोज एकच बाई उचलून घेते का, ते बघ. आणि ती बाई रजेवर गेली की पिहू तिला शोधते का. शोधत असेल तर निश्चिंत राहा.

निखिल, तू विचारलं होतंस, आजी, तुझ्यासमोर कोणी शहीद झालं का? माजी सैनिकांच्या सभेत दर वर्षी आम्ही उभे राहून गेलेल्यांची नावं घेतो. रँक, नाव, मागे कोण. सगळी संपली की मी बसण्याआधी मनात एक घेते.

रँक नाही. प्रवीण, घरचं नाव भावड्या. नेक्स्ट ऑफ किन, जिजी.