फटफटीची उंच काच आणि शिरोड्याची वाट

पहिल्यांदा माफी मागतो. मंडळाच्या अंकासाठी प्रवासाचा मजकूर द्या, असा मुंबईच्या गाववाल्यांचा निरोप आला तेव्हा इथे आंब्याच्या पेट्या भरणे चालू होते. आता भात कापणीला आले. मधल्या काळात दोन-तीनदा लिहायला बसलो आणि चिडून उठलो. शिक्षण चौथीपर्यंतचे, त्यात उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, आणि त्या प्रवासाची आठवण निघाली की डोके तापते. पण आपल्यातली काही तरुण मुले पुढच्या मे महिन्यात मोटारसायकलवरून गावी यायचे बेत करत आहेत असे कानावर आले, म्हणून लिहिणे भाग पडले. निदान काचेच्या बाबतीत तरी माझ्यासारखे फसू नका.

जाण्याचे कारण असे. माझी थोरली बहीण आक्का शिरोड्याला दिलेली. तिचा घोव, म्हणजे नवरा, मचव्यावर, म्हणजे शिडाच्या मोठ्या होडीवर, तांडेल होता. एका मोसमात मचवा गेला तो परत आलाच नाही. तेव्हापासून आक्काने पाण्यात पाय घातला नाही. तरीतून, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीतून, साधी खाडी ओलांडायची म्हटली तरी ती लांबच्या वाटेने फिरून जायची. यंदा चैत्रात शिरोड्याचा एक काजूवाला विजयदुर्गाच्या बाजारात भेटला. म्हणाला, तुमच्या आक्काला तिचा झील, म्हणजे मुलगा, कायमचे मुंबईला नेतोय, सोमवारच्या एस.टी.ने, बेळगावमार्गे. ती सत्तरीच्या पुढची, मी तिच्या मागोमाग. ऑपरेशननंतर डोळा उघडल्यापासून मी तिला पाहिलेच नव्हते. एकदा नीट बघून घ्यावे, इतकेच मनात होते.

माझा पुतण्या वसंत कोल्हापुरात फिटर आहे. त्याने मोटारसायकल घेतल्यापासून ‘काका, तुम्हाला फिरवतो’ असा घोषा लावला होता. मी म्हटले होते, आधी पुढे काच बसव. ऑपरेशन केलेल्या डोळ्यात वारा जाऊन चालणार नाही. कोल्हापुरात दोन तऱ्हेच्या काचा मिळतात म्हणे, एक आखूड आणि एक उंच, खाली कापडाची झालर असलेली. काच म्हणायची एवढेच, असतो तो काचेसारखा आरपार दिसणारा प्लॅस्टिकचा पत्रा. वसंताला आखूड हवी होती. मी ऐकले नाही. पाटावर ताठ बसून, टोपीच्या टोकापर्यंत माझे माप सुतळीने घेतले आणि ती सुतळी एका माणसाबरोबर कोल्हापूरला पाठवली. वसंत ऐकणारा मुलगा, त्याने सुतळीबरहुकूम काच बसवून आणली. ती बघून आमची सौ. म्हणाली, “ह्या काय, देवघराचा दार बसयलास?”

शनिवारी सकाळी निघालो. सोबत पाण्याचा तांब्या, डोळ्यात घालायचे औषध, आक्कासाठी आंबापोळी. वेशीबाहेर पडलो आणि सड्यावर आलो तसा वाऱ्याने इंगा दाखवला. आमचा सडा म्हणजे उघडा कातळ, आडोसा नावाला नाही. समुद्राकडचा वारा त्या उंच काचेवर असा धडकायचा की पुढचे चाक एका बाजूला आणि आम्ही एका बाजूला. वसंत दोन्ही हातांनी दांडा धरून कुस्ती खेळत होता. मी मागून ओरडत होतो, “हळू रे, हळू!” तो पुढून ओरडत होता, “काका, आणखी हळू म्हणजे उतरून ढकलूया काय?”

दुसरा त्रास खडखडाटाचा. तळेऱ्यापर्यंत रस्ता तांबड्या मातीचा, खड्ड्यांचा. काचेचे बोल्ट सैल होऊन ती थंडीने दात वाजावेत तशी वाजत होती. वसंताने तळेऱ्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे कापून बोल्टांखाली घातले, तेव्हा जरा शांतता झाली. येणाऱ्यांनी रबरी तुकडे आणि पाना खिशातच ठेवावा, गाठोड्यात नव्हे. कणकवलीला भजी आणि चहा घेतला. भजी गरम होती, बाकी काही सांगण्यासारखे नाही.

तिथून आचऱ्याच्या रस्त्याला लागलो, कारण मुक्काम तोंडवलीला ठरवला होता. माझी मेव्हणी शेवंता तिथे दिलेली. कणकवलीहून सरळ कुडाळमार्गे शिरोडे गाठूया, असे वसंत म्हणत होता, पण माझ्या कंबरेचे आणि डोळ्याचे काय? पोचलो तेव्हा आम्ही दोघे मातीच्या गणपतीसारखे दिसत होतो. शेवंताच्या नवऱ्याने काचेभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “भावजीनू, एवढी आडोश्याची हौस होती तर माच्यावर बसान चार भोयांका उचलूक सांगूचा होता.” पण जेवण मात्र जन्मभर लक्षात राहील असे. ताज्या बांगड्यांचे तिखले, उकड्या तांदळाचा भात, सोलकढी. ज्याला कोणाला तोंडवलीत नातेवाईक असेल त्याने खाणावळीचा विचारसुद्धा करू नये. आणि पाहुणचाराला मात्र जपून राहावे. ते का, आता सांगतो.

रविवारी सकाळी मी तोंड धुऊन बाहेर आलो तर शेवंता अंगणात गाडीसमोर उकिडवी बसलेली. एका हातात नारळाचे सोडण, पुढ्यात चुलीतली राख. कंदिलाची काच घासावी तशी ती आमची काच घासत होती. आपल्याकडे पाहुणा निघताना त्याचा तांब्या, कंदील लख्ख करून देतात. रात्रभर खारा वारा बसून काच मळकट झालेली तिला बघवली नाही.

“शेवंता! काय करतंस गो?”

“बघा कशी चकचकीत केलंय! पहाटेपासून घासतंय. तुमच्या त्या पुतण्याक सांगा, गाडी घेतलास तर जरा निगा राखूक शिक.”

वसंत बाहेर आला. त्याने काचेवरून बोट फिरवले आणि पायरीवर बसला. शेवंताला वाटले, पोरगा भारावला. प्रत्यक्षात त्या प्लॅस्टिकवर हजारो बारीक चरे पडले होते. सावलीत काही कळत नव्हते, म्हणून तिला सांगायचा धीर मलाही झाला नाही. उलट “बरा केलंस” म्हणालो. लिहून ठेवा: ही काच फक्त भरपूर पाणी ओतून, मऊ ओल्या फडक्याने पुसायची. राख नको, सोडण नको, सुका हात नको. आणि रात्री वरून गोणपाट घालायचा, म्हणजे कोणाचे प्रेम तिथपर्यंत पोचणार नाही.

खाडीवर पलीकडे नेणारी तर मिळाली. गाडी होडीत आडवी उभी केली, तोच वाऱ्याची झुळूक आली आणि होडी गर्रकन फिरली. तरवाला ओरडला, “आधी ता तुमचा शीड उतरवा, नायतर गोव्याक जाशात!” अर्ध्या खाडीत बोल्ट काढणे शक्य नव्हते. मी काचेला मिठी मारून उभा राहिलो. होडीतली बाकीची माणसे हसत होती. त्यांचे काय जाते?

पलीकडे रस्त्याला लागलो आणि खरी परीक्षा सुरू झाली. डावीकडून ऊन आले की सगळी काच दुधासारखी पांढरी. आखूड काच असती तर वसंताने वरून पाहिले असते. माझ्या सुतळीच्या मापाने ती त्याच्या डोळ्यांच्याही वर गेलेली, त्यामुळे आरपार बघण्यावाचून इलाज नाही. तो मान बाहेर काढून, कावळ्यासारखा तिरका बघत चालवत होता. एका वळणावर समोरून बैलगाडी आली ती त्याला दिसलीच नाही. आम्ही थेट शेताच्या बांधावर. गाडी आडवी, मी गवतात. डोक्यावर मासळीची पाटी घेतलेली बाई थांबून वसंताला म्हणाली, “डोळे खंय ठेवलंस रे मेल्या? म्हाताऱ्याक मारूक घेऊन चललंस काय?” लागले फारसे नाही. पण शिरोडे अजून केवढे लांब.

मालवणच्या बाजारात सायकलचे दुकान गाठले. दुकानदार हुशारी सांगण्यात पटाईत. त्याने आधी रॉकेलने पुसले. काही फरक नाही. मग खोबरेल चोळले, आणि काय आश्चर्य, काच स्वच्छ! मी त्याला आशीर्वाद देऊन निघालो. बाजार संपतो न संपतो तोच रस्त्याची तांबडी धूळ तेलावर बसून काचेची भिंत झाली. परत दुकानात. वसंत म्हणाला, “काका, आता मी ही कापतो.” मी म्हटले, नवी काच कापायची? बराच वाद झाला. शेवटी डोळ्याची शपथ घालून त्याने मला गप्प केले आणि लोखंड कापायची करवत मागितली.

तेवढ्यात बंदरात आगबोटीचा भोंगा झाला. अर्धा बाजार धक्क्याकडे धावला. दुकानदाराचे सामान मुंबईला जायचे होते, तोही आमच्या हातात करवत न देताच पळाला. आम्ही फळीवर बसून राहिलो. वसंत म्हणाला, “चला काका, बोट बघून येऊ. ही आपल्या विजयदुर्गालाच जाणारी. गार वारा तरी लागेल.”

“बोट काय बघायची? जन्मभर बघतोय,” मी खेकसलो. “तिकडे आक्काची उद्या एस.टी. सुटेल आणि तुला वारा हवा!”

बोट गेली, मग दुकानदार आला, मग काच कापली. वसंताने सीटवर बसून नाकाच्या शेंड्यापाशी खूण केली आणि वरचा भाग काढून टाकला. नजर काचेवरून जावी, वारा काचेने उचलून डोक्यावरून न्यावा, हे खरे माप. आणि माप घ्यायचे ते चालवणाऱ्याचे. मागच्याने उपरणे गुंडाळावे. मी तसेच केले. धामापूरच्या झाडीतून गाडी पहिल्यांदाच सरळ आणि बिनआवाजाची पळाली, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. राग आला. हेच विजयदुर्गात का नाही केले?

कुडाळ, वेंगुर्ले करत दिवेलागणीला शिरोड्यात पोचलो. आक्काच्या दाराला कुलूप. अंगण नुकतेच सारवलेले. शेजारीण तुळशीपाशी दिवा लावत होती, ती वळली.

“आक्का खंय?” मी विचारले.

“गेली मरे! आज सकाळच्या बोटीन.”

“बोटीन? ती उद्याच्या एस.टी.न जातली होती मां?”

“झील तसाच म्हणा होतो. पण तिना हट्ट धरल्यान. म्हणाली, एस.टी. काय विजयदुर्गाक थांबणा नाय, बोट थांबता. बाबलो पडावाच्या होडयेतसून बोटीपर्यंत इलो तर वरसून दिसतलो तरी. तुमका निरोप धाडललो. पावलो नाय?”

बाबलो म्हणजे मी. एवढ्या वर्षांत मला त्या नावाने हाक मारणारे दुसरे कोणी उरलेले नाही. निरोप निघाला तेव्हा आम्ही तोंडवलीत बांगडे खात असणार.

मी तिच्या ओट्यावर बसलो. वसंत हळूच म्हणाला, “काका, मालवणात भोंगा झाला ती बोट आक्काचीच. शेवंतामावशीने काच घासली नसती तर आपण दुपारी मालवणात थांबलोच नसतो.” मी त्याला गप्प बस म्हणालो. काही गोष्टी खऱ्या असल्या तरी बोलायच्या नसतात. शेजारणीने पेज वाढली, ती मी वसंताकडे सरकवली.

परतीचा प्रवास कुडाळ, कणकवली, तळेरे असा एका दिवसात झाला. रस्त्याबद्दल सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही, मी काही पाहिले नाही. घरी पोचलो तर पडावाचा तांडेल, आमच्याच वाडीतला, माझी वाट बघत बसलेला. बोटीवरून माणसे उतरवायला त्याचाच पडाव लागतो.

“भाऊनू, तुमची आक्का कठड्याक धरून उभी होती,” तो म्हणाला. “पडाव लागल्याबरोबर विचारल्यान, बाबलो इलो? मीया सांगितलंय, भाऊ तुमकाच भेटूक गेले शिरोड्याक, फटफटेर बसान. तर म्हणता कशी, ‘फटफटेर? तो? बैलगाडयेत बसताना देवाक नारळ बोलता तो!’ आणि इतकी हसली, इतकी हसली. मगे पदर तोंडार घेतल्यान. नांगर उचलीसर थयच उभी होती.”

“बोट लागली तिका?” मी विचारले.

“लागली असतली. तोंड पांढरा झाला होता. पण आत गेली नाय.”

तर असा हा प्रवास. येणाऱ्यांनी आखूड काच घ्यावी, सड्यावर वारा सुटण्याआधी सकाळी लवकर निघावे, तरवाल्याशी हुज्जत घालू नये आणि वाटेत आगबोटीचा भोंगा ऐकू आला तर धक्क्यावर जाऊन यावे. काय सांगावे, कोण भेटेल. मला एवढे मात्र कळत नाही की मी रागावू कोणावर. शेवंताने आम्ही निघताना काच घासली ती चांगल्या मनाने, वसंताने माझे ऐकले ते चांगल्या मनाने, आणि आक्का बोटीत बसली तीही. रागावण्यासाठी मी एकटाच उरतो, आणि आता रागावूनही होणार काय!

एक विनंती करून थांबतो. आक्का मुलाकडे परळच्या बाजूला कुठेतरी राहते. पावसाळ्यात तिची काही खबर आली नाही. तिला लिहिता येत नाही आणि मुलगा कामात असतो. पावसानंतर बोटी पुन्हा सुरू झाल्या आहेत. आपल्या मंडळातले कोणी तिच्या आसपास असाल तर जाऊन बघा, तब्येत कशी आहे ते कळवा, आणि गावी कधी, कोणत्या बोटीने यायचे ठरवते तेही विचारा. दोन ओळी पुरेत, पण लवकर टाका. तुमचे पत्र येईपर्यंत मी विजयदुर्ग सोडून कुठेही जात नाही.