स्वयंपाकघरातून आलेलं वाक्य

ध्वनिमुद्रणं घरबसल्या पाठवता येतात, मग जबलपूरला जायचं कशाला, असं नवऱ्यानं विचारलं. मला नुसती उत्सुकता होती. दोन हिवाळ्यांपूर्वी तिथल्या मराठी घरांत बसून मी लोकांचं बोलणं टिपलं होतं. हिंदीच्या गराड्यात मराठी कशी वळण घेते, हा माझा अभ्यास. आता ते सगळं जबलपूरच्याच एका ग्रंथालयात ठेवायचं होतं, म्हणजे इतर अभ्यासकांना वापरता येईल आणि त्या घरांतल्या नातवंडांनाही ऐकता येईल.

नागपूरहून सकाळची बस घ्या. पेंचच्या जंगलात, प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून रस्ता काही ठिकाणी उंचावरून नेलाय. काचेला नाक लावून बसले, तर एकच माकड दिसलं, तेही धाब्यावर. सिवनीला चहा घ्या, समोसा टाळा.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पोहे आणि खोव्याची जलेबी. काळपट, जड, एक पुरे होते. मी दोन खाल्ल्या आणि सुस्तावून ग्रंथालयात पोचले.

ग्रंथपाल मेघा. घरी मराठी ऐकत वाढलेली, बोलताना हिंदीत घसरणारी. ती फाइली उतरवून घेईल आणि मी नर्मदेचा धुआँधार धबधबा बघायला मोकळी, असा माझा बेत होता. तिनं आधी नावंच वाचली.

“दीदी, ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘खरी अंतिम’. इसमें से सही कौन सी है?”

मलाही सांगता येईना. मग प्रत्येक फाइलीला वस्ती, तारीख आणि बोलणाऱ्याची खूण लावली, सोबत माहितीचं पान जोडलं. “तुम्ही इथे नसाल तेव्हा कोणाला कसं समजेल?” ती म्हणाली. कंटाळवाण्या वाटलेल्या कामात मी चक्क रमले.

मेश्रामकाकांच्या फाइलीवर मात्र ती थांबली. जबलपूरच्याच गढा भागातले हे काका, कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यात ते ऐटीत सांगतात, नोकरीला आलो आणि जबलपूर लगेच आवडलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू म्हणतात, “काहून खोटं सांगून राहिले जी? महिनाभर रडत होते, वापस चलो म्हणून.”

माझ्या अख्ख्या अभ्यासातलं सगळ्यात लाडकं वाक्य ते.

“या काकूंना विचारलं होतं का?” मेघानं विचारलं.

परवानगी काकांची होती. काकू मुलाखतीत नव्हत्याच, आणि गेल्या वर्षी त्या वारल्या.

“मग काकांना विचारा. नाही म्हणाले, तर तेवढा आवाज काढून टाकू. हो म्हणाले, तरी कोण ऐकणार ते त्यांनीच ठरवायचं. सगळ्यांसाठी खुलं किंवा कुलूपबंद, असे दोनच रस्ते नसतात दीदी. और फोन पे मत पूछना.”

धुआँधार राहिला. ई-रिक्षानं गढ्यात गेले, बाजाराच्या गर्दीतून गल्लीत शिरले. काकांनी स्वतः चहा केला, फार गोड. मी सगळं समजावलं आणि ध्वनिमुद्रण लावलं. काकूंचा आवाज आला तसा त्यांनी चष्मा काढला. वाक्य जाणार, असं मी धरूनच चालले.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले. पुन्हा लावलं.

“अच्छा. तिचं कापलं, तर माझंच खरं होऊन जाईल न बेटा. राहू दे. पण रस्त्यावरच्या कोणीही ऐकावं असं नको. पढनेवाले लोग विचारून ऐकतील, चालते.”

आपल्या मुलीलाही त्यांनी तिथूनच फोन करून विचारलं. मी ग्रंथालयात परतल्यावर मेघानं तशी नोंद केली: माहिती सर्वांना दिसेल, आवाज मात्र विचारल्यावरच. घरच्यांसाठी एक प्रत वेगळी.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, ते वाक्य ऐकव की. मी म्हटलं, विचारावं लागेल. त्याला थट्टा वाटली. मी काकांना फोन लावला.

“ऐकव न,” काका म्हणाले. “फक्त माझं बोलणं झालं की बंद नको करू.”