वेशीवर अडलेली मैना

मी लग्नाला खेचरावर बसून गेलो. हे मी स्वतःहून सांगतो, कारण मी नाही सांगितलं तर माझ्या सासुरवाडीचं, चऱ्होलीचं कुणीतरी सांगतंच.

गोष्ट पन्नास सालानंतरची. पिंपरीला नवा कारखाना उभा राहिला होता आणि आमच्या दिघीतून तिथं कायमच्या नोकरीला लागलेला पहिला माणूस मी. माझ्याकडे सायकल होती, शर्टाच्या खिशाला पेन होतं (शाई नसायची, पण ती बाहेरून कुणाला दिसते?) आणि आपल्या लग्नाला पंचक्रोशी बघत राहील अशी माझी खात्री होती. बघत राहिली.

आबा म्हणजे माझे आजोबा. पहिल्या मोठ्या लढाईत ते बसऱ्याला जाऊन आले होते. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं आणि आबा दर वेळी थांबून दुरुस्ती करायचे, "सुभेदार न्हाई, खेचरवाला." पलटणीत तोफा वाहणारी खेचरं त्यांच्या ताब्यात होती. गावातले इतर फौजी म्हातारे किती शत्रू लोळवले ते सांगायचे. आबांच्या गोष्टीत शत्रू कधी यायचाच नाही, नुसती खेचरं यायची. चंपी चिखलात रुतली ती कशी काढली, तापानं फणफणलेल्या आबांना लालीनं पाठीवर घालून तळापर्यंत कसं आणलं. तोफांच्या आवाजानं त्यांचा डावा कान कायमचा गेला होता. नको ते बोलणं निघालं की ते तो कान आपल्याकडे करून बसायचे.

लष्करानं म्हातारं म्हणून लिलावात काढलेलं मैना नावाचं खेचर आबांनी घरी आणलं, तेव्हा आईनं विचारलं, नांगराला चालेल का? नाही. गाडीला? नाही. मग आणली कशाला? आबांनी डावा कान पुढं केला.

मैनेची कवायत ते स्वतः घ्यायचे. मोठा धडाका झाला की जागच्या जागी उभं राहायचं, आणि दोन आखूड, एक लांब अशी शीळ आली की चालू लागायचं. आबा दिवाळीत तिच्या पायाशी फटाके लावायचे आणि मैना दगडासारखी उभी. एकदा कवायत चालू असताना तिनं अचानक मान वर केली आणि आबांचे पुढचे दात गेले. आबांनी दोष दातांना दिला. पण तेव्हापासून शीळ बंद झाली, ते तिला हातानं धरूनच फिरवायला लागले, आणि ती शीळ घरात सगळेच विसरून गेले.

लग्नाच्या सकाळी भोसरीहून ठरवलेला घोडा आला, तो लंगडत. चालला की मोकळा होईल, असं घोडेवाला सांगत होता. एवढ्यात घोडा बसला.

"मैना हाय की," आबा म्हणाले.

मी पुष्कळ विरोध केला. कारखान्यातले सोबती येणार होते, नवरदेव खेचरावर बघून ते काय म्हणतील, वगैरे. आबांनी मला नीट ऐकून घेतलं (उजव्या कानानं) आणि म्हणाले, "तिनं तोफ वाहिलीया. तू काय तोफंपरीस जड हाईस व्हय?"

मैनेला झूल घातली. कानांवर झेंडूच्या माळा सोडल्या. कान लपले नाहीत, नुसते सजले. पुढं ताशेवाले, मागं बैलगाड्यांत वऱ्हाड आणि लगाम धरून आबा, असे आम्ही निघालो. वाटेत मैना इतकी झोकात चालली की घोडा बसला ते बरंच झालं, असं मला वाटू लागलं.

चऱ्होलीकरांनी आमच्या मानासाठी वेशीवर बार काढायची उखळी दारूनं ठासून ठेवली होती. आम्ही दिसताच त्यांनी पहिला बार काढला. बैल उधळले. कुत्री पळाली. माझे मामा गाडीतून खाली आले. मैना उभी राहिली.

"नवरदेव अडला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

वेशीवर नवरदेवानं रुसायचं आणि सासऱ्यानं समजूत काढायची, ही चाल तेव्हा होतीच. त्यामुळे सासरे धावत आले, हात जोडले आणि मानपानात काय चुकलं म्हणून विचारू लागले. मी सांगितलं, खेचर चालत नाही. पण शेजारी ताशा, तोंडावर मुंडावळ्या, बोलणं अर्धंच पोचलं. सासरे मागं वळून आचाऱ्याला ओरडले, "पाव्हण्यांस्नी खीर चालत न्हाई, बुंदी पाडायला घ्या!"

तिकडं चुली पेटल्या, तरी नवरदेव हलेना. मग गावातल्या जाणत्यांनी विचार करून ठरवलं की एका बारानं पाहुण्यांचं समाधान झालेलं नाही. दुसरा बार उडाला. तिसरा उडाला. प्रत्येक बारागणिक मैना जमिनीत आणखी रुतत होती आणि चऱ्होलीकर नव्या हुरुपानं दारू ठासत होते. खाली उतरावं, तर वेशीत नवरदेवाचा पाय जमिनीला लागता कामा नये असं आत्यानं सकाळीच बजावलेलं. भटजींचे निरोपांवर निरोप येत होते. ही वेळ टळली तर पुढचा मुहूर्त पार दिवाळीनंतर.

एवढ्या गोंधळात आबा गप्प कसे, म्हणून मी खाली पाहिलं. ते मैनेच्या मानेवर हात ठेवून ताठ उभे होते. बार उडत होते आणि मैनेसारखेच आबाही हलत नव्हते. त्यांची नजर चऱ्होलीकडे होती, पण ते चऱ्होली बघत नव्हते. मी वाकून उजव्या कानाशी हाक मारली. ते हळूच म्हणाले, "पळाली ती मेली, पोरा. हुबी ऱ्हायली ती वाचली."

मला खेचरावर बसल्याची लाज वाटेनाशी झाली. पुढचा बार उडाला, तेव्हा परत वाटली.

मग आबा भानावर आले. त्यांनी हात वर करून उखळी थांबवली, मैनेला दोन आखूड, एक लांब अशी शीळ लागते असं सगळ्यांना ओरडून सांगितलं आणि तोंडात दोन बोटं घातली. बोटं होती, दात नव्हते. नुसता वारा निघाला. मग दोन्हीकडच्या पुरुषांनी आळीपाळीनं प्रयत्न केले. पण सकाळपासून सगळ्यांच्या तोंडात पानं, त्यामुळे मैनेच्या झुलीवर रंगपंचमी झाली. सनईवाल्यानं सनईवर वाजवून बघितलं. मैनेनं मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं सनई पिशवीत घातली.

आणि वेशीलगतच्या माळवदावरून शीळ आली. दोन आखूड, एक लांब. चाबकासारखी.

मैना अशी निघाली की मी मागंच राहत होतो. तिची आयाळ धरून सावरलो आणि वर पाहिलं. माळवदाच्या कठड्याशी हळदीच्या लुगड्यातली नवरी उभी होती आणि तिची बोटं अजून ओठांवरून खाली यायची होती. ही हौसा. शेतातल्या माळ्यावर बसून शीळ घालत जोंधळ्यावरची पाखरं हाकण्यात तिचं लहानपण गेलं होतं.

ताशा बंद पडला. बायांनी तोंडावर पदर घेतले, सासऱ्यांनी मान खाली घातली. आत्या पुटपुटायला लागली की असली शीळ घालणारी मुलगी घरात आणायची म्हणजे... तिचं वाक्य पुरं झालं नाही. आबांनी टाचा जुळवल्या आणि माळवदाकडे बघून कडक सलाम ठोकला.

"आत्या," ते आपल्या लेकीला म्हणाले (सगळ्या घरादारासारखं तेही तिला आत्याच म्हणायचे), "ही पोरगी आपली."

लग्न वेळेवर लागलं आणि खिरीबरोबर बुंदीही झाली.

त्यानंतर आबा होते तोवर त्यांची सकाळ अशीच व्हायची, आधी हौसाला सलाम, मग तिच्या हातचा चहा. अंथरुणाला खिळले तरी त्यात खंड नव्हता. शेवटच्या दिवशी चहा गेला नाही, पण हात कपाळापर्यंत गेला. हौसा कप तसाच धरून किती तरी वेळ त्यांच्याजवळ बसून होती.

पण परतीच्या वाटेचं सांगायचं राहिलंच. नवरानवरीनं जोडीनं बसायचं ठरलं होतं. आबांनी मैनेचे पाय चाचपले आणि दोघांचं ओझं तिला झेपणार नाही, असा निकाल दिला. जिचा हुकूम चालतो तिनं वर बसायचं. गाडीत बसावं, तर तिथं कंबर धरून मामा आडवे झालेले. नवे जोडे चावायला लागले म्हणून मी ते हातात घेतले, आणि डोकं मोकळंच आहे असं समजून आत्यानं रुखवताचं बोचकं माझ्या डोक्यावर दिलं.

दिघीच्या वेशीवर बाया ओवाळायला ताटं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मैना बघितली, मैनेवरची नवरी बघितली, आणि एकीनं आबांना विचारलं की नवरदेव कुठं राहिला.

आबांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"सामान मागनं येतंय," ते म्हणाले.