छत्तीस ओळींची यादी

राजारामपुरीतल्या त्या ऑफिसात एसी एवढा लावला होता की आक्काताईनं पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. समोर विजयसिंह सर बसले होते. इंजिनिअरिंगला कुठं प्रवेश घ्यायचा याचं मार्गदर्शन करणं हा त्यांचा धंदा. त्यांनी एक छापील कागद टेबलावर सरकवला. त्यावर आठ कॉलेजांची नावं होती.

"ह्यात सरकारी कॉलेज कुठाय?" आक्काताईनं विचारलं.

सर हसले. "ताई, एक्क्याण्णव पर्सेंटाइलला सरकारी मिळत नाही. हे पहिल्या नंबरचं बघा. हायवेला लागून, स्वतःच्या बस, स्वतःचं होस्टेल. तुमच्या कॅटेगरीला फी माफ. तुम्हाला यातलं काही कळणार नाही, तुम्ही फक्त हो म्हणा."

शेजारी बसलेल्या नवऱ्यानं, गणपतीनं, मान डोलावली सुद्धा. त्यानं सरांची फी आधीच भरली होती.

"कळत न्हाय म्हणून तर इचारतोय," आक्काताई म्हणाली. "कळत असतं तर इथं कशाला आलो असतो?"

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा आखडलं. आक्काताईनं कागदाची घडी घातली, पिशवीत टाकली आणि उठली. मागून गणपती सरांना "तिचं काय मनावर घेऊ नका" म्हणत होता, ते तिला ऐकू आलं. लेक सोनम मात्र आईच्या पाठोपाठ मुकाट बाहेर आली.

आक्काताई कांबळे हुपरीची. हुपरीत घराघरात चांदीचं काम चालतं, तसं हिच्याही घरात चालायचं. एवढ्या एवढ्या कड्या चिमट्यानं जुळवायच्या, गॅसच्या बारीक ज्योतीवर झाळून जोडायच्या आणि पैंजणाची साखळी ओवत न्यायची. बावीस वर्षं ती हेच करत आली होती. बोटांची टोकं भाजून भाजून इतकी टणक झालेली की सरकारी अंगठ्याच्या मशीनला तिचा ठसा ओळखू यायचा नाही. तिचं माहेर राधानगरीकडचं. दहावीला एकाहत्तर टक्के पडलेले, बारावीही नीट पास झाली होती. नर्स व्हायचं होतं. वडिलांनी तालुक्यातल्या एका जाणत्या माणसाला धरलं. त्यानं एकाच ठिकाणी एकच फॉर्म भरला. तिथं नंबर लागला नाही. "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले, आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न बघितलं.

दुसरीकडं फॉर्म का भरला नाही, हे तिला कुणी कधी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नव्हतं. आता मात्र ती विचारणार होती, आणि विचारतच सुटणार होती.

हुपरीच्या एसटीत बसल्या बसल्या तिनं सोनमला विचारलं, "त्या फॉर्मात किती नावं लिवता येत्यात?"

"तीनशे."

"किती?"

"तीनशेपर्यंत, आई. कॉलेज आणि ब्रँच मिळून एक ओळ."

"आन ह्या बाबानं आठ लिवली!" आक्काताई इतक्या मोठ्यानं म्हणाली की पुढच्या सीटवरची माणसं वळून बघायला लागली.

मग सोनमनं तिला नियम सांगितला. पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचं कॉलेज लागलं तर तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेऱ्या बंद. सरांनी पहिल्या नंबरला हायवेचं कॉलेज टाकलेलं. सोनमच्या मार्कांना ते हमखास लागणार होतं. म्हणजे बाकीच्या सात ओळी नुसत्या कागद भरायला होत्या.

"म्हंजे दार उघडायच्या आधीच कडी घाटली म्हण की," आक्काताई म्हणाली.

फॉर्म पक्का करायला सहा दिवस होते. दुसऱ्या दिवशी आक्काताईनं कड्यांचा डबा बाजूला ठेवला, भाकरी बांधल्या आणि लेकीला घेऊन निघाली. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं, त्यामुळं फिरण्याची चैन परवडत होती. शेजारच्या तानाबाईनं दारातूनच विचारलं, "कुठं गं दोघी?"

"कॉलेजं बघाय."

"ती काय नवरं हायत व्हय बघाय?"

"त्याच्यापेक्षा जपून बघाय पायजेत," आक्काताई म्हणाली आणि चालती झाली.

तिची बघायची रीत वेगळी होती. ऑफिसात ती जायचीच नाही. ऑफिसात चकचकीत पुस्तकं हातात देतात, हे ती पहिल्याच ठिकाणी शिकली. ती मेसच्या मागच्या दाराला जायची, भाज्या चिरणाऱ्या बायकांजवळ टेकायची. होस्टेलच्या झाडूवालीला विचारायची, पाणी किती वेळ असतं, पोरी रात्री आजारी पडल्या तर कोण नेतं. कपडे वाळत घालणाऱ्या पोरींना विचारायची, फी सोडून अजून काय काय भरावं लागतं. सोनमला सुरुवातीला लाज वाटली. तिसऱ्या कॉलेजात मात्र तीच पुढं होऊन विचारायला लागली, लॅबमधल्या मशीन चालतात की नुसत्या पुसून ठेवलेल्या असतात.

हायवेच्या कॉलेजात त्यांना राजनंदिनी भेटली. तिसऱ्या वर्षाची पोरगी, राधानगरीकडचीच. माहेरचा मुलूख निघाल्यावर तिघी कँटीनच्या पायरीवर बसल्या.

"फी माफ हाय नव्हं इथं?" आक्काताईनं विचारलं.

"माफ म्हणत्यात, मावशी. पण स्कॉलरशिप यायला वर्ष जातंय. तवर तुम्ही भरा, आली की परत देतो म्हणत्यात. बसचं वेगळं, मेसचं वेगळं. दोन्ही घ्यावंच लागतंय, सक्तीचं हाय." राजनंदिनीनं सोनमकडं बघितलं. "तुला पण विजयसिंह सरांनीच पाठवलंय?"

"तुला कसं कळलं?"

"आमच्या वर्गातली निम्मी पोरं त्यांचीच की!"

एसटी येईपर्यंत आक्काताईनं एकच भाकरी तीनदा बांधली आणि तीनदा सोडली.

रविवारी दुपारी मायलेकी यादी करायला बसल्या. सोनमनं मोबाइलवर गेल्या वर्षीचे कटऑफ काढले. आक्काताईनं जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर तीन रकाने आखले. वरची, मधली आणि हातातली.

वरच्या रकान्यात पुण्याचं सरकारी कॉलेज लिहायला सांगितलं तर सोनम पेन घेऊन थांबली. "मिळणार न्हाय आई. चार पर्सेंटाइल कमी पडत्यात. उगाच कशाला?"

"न्हाय म्हणायचं ते त्येंनी म्हणू दे. त्येंच्या वाटचं न्हाय आपण कशापायी म्हणायचं? लिव."

सोनमनं लिहिलं. मग सांगलीचं लिहिलं, जे दोन पर्सेंटाइलनं हुकण्यासारखं होतं. मधल्या रकान्यात कराडचं सरकारी आलं, आणि जिथं होस्टेल स्वस्त, मेस पोरी स्वतः चालवतात अशी दोन-तीन आली. हातातल्या रकान्यावरून मात्र दोघींची चांगलीच जुंपली. घरातून रोज एसटीनं जाता येईल असं इचलकरंजीकडचं एक कॉलेज आक्काताईला हवं होतं.

"तिथं गेलो तर गावातली पोरं हसतील," सोनम म्हणाली. "एवढं शिकून इथंच म्हणतील."

"हसू देत. तू जाशील का न्हाय ते सांग. दुसरं कायच लागलं न्हाय, तर तिथं जाशील?"

सोनम खूप वेळ पेनाचं टोपण चावत बसली. "ब्रँच इलेक्ट्रिकल असली तर जाईन."

"मग इलेक्ट्रिकल लिव, बाकीचं खोड. जिथं जायचंच न्हाय ते लिवायचं न्हाय."

इलेक्ट्रिकलचं वेड सोनमला लहानपणापासूनचं. घरातली पॉलिशची मोटर जळली की ती खोलून बसायची. सरांनी तिला कधी ब्रँच विचारलीच नव्हती. आठही ओळींत कॉम्प्युटर टाकून मोकळे झाले होते.

आठवडाभर ह्या मायलेकींच्या फिरण्याची चर्चा गल्लीत चालली होतीच. चांदीचा कच्चा माल पोचवायला आलेला ज्ञानू यादी बघून म्हणाला, "तुमास्नी काय, वैनी. कॅटेगरीत बसतंय. आमच्या पोरास्नी मरमर करावी लागती."

आक्काताईनं ज्योत बारीक केली आणि मान वर केली. "बसतंय तर. हक्काचं हाय, चोरीचं न्हाय. आन मरमर म्हणशील, तर माझी पोरगी हितं ह्या धुरात बसून अभ्यास करत होती, ते तू दर आठवड्याला बघत हुतास. माल मोजून ठेव आन जा."

ज्ञानूनं माल ठेवला आणि गेला. सोनम हळूच म्हणाली, "आई, एवढं बोलायची गरज नव्हती." आक्काताई म्हणाली, "हुती."

यादी छत्तीस ओळींची झाली. पण खरं संकट पुढंच होतं. लॉगिनचा पासवर्ड सरांकडं होता आणि त्यांची आठ नावं फॉर्ममध्ये भरून तयार होती. पासवर्ड बदलायचा तर ओटीपी गणपतीच्या फोनवर येणार, आणि गणपती पॉलिशच्या कारखान्यात कामावर होता. शेवटचा दिवस होता. फोन केला तर तो म्हणाला, "सरांस्नी राग येईल. मोठा माणूस हाय. आपून कशाला त्येंच्या वाकड्यात जायाचं?" आणि त्यानं फोन ठेवला.

आक्काताई चपला घालून सरळ कारखान्यात गेली. सोनम मागून पळत. मशीनच्या आवाजात गणपती उभा, हात काळे, तोंडाला फडकं. बायको अशी कामावर कधी आली नव्हती.

"फोन काढा," ती म्हणाली.

त्याच वेळी फोन वाजला. सर होते. गणपतीनं गडबडून स्पीकर लावला.

"गणपतराव, फॉर्म कन्फर्म करतोय. ओटीपी येईल, तेवढा सांगा."

सोनमनंही तोवर आपल्या मोबाइलवरून पासवर्ड बदलायला टाकलं होतं. गणपतीच्या फोनवर दोन मेसेज मागोमाग आले. एक फॉर्मचा, एक पासवर्डचा. तो स्क्रीनकडं बघत राहिला. आजूबाजूच्या कामगारांनी हात थांबवले होते.

"अवो," आक्काताई म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "माझा फॉर्म एकानं भरला हुता. एकच. तुमच्या पोरीचं तसं करायचं असंल तर सांगा त्येंस्नी आकडा. मी अडवत न्हाय."

गणपतीनं फडकं खाली ओढलं. दुसऱ्या मेसेजमधला आकडा सोनमसमोर धरला. फोनमध्ये सर "हॅलो, हॅलो" करत होते.

"सर," गणपती म्हणाला, "आमचं आमी भरतो."

पलीकडून आवाज चढला. "कुणाच्या नादाला लागताय? पोरीचं वाटोळं कराल. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

आक्काताईनं फोन हातात घेतला. "न्हाय येणार. पण एक सांगा, सर. तुमच्या सोत्ताच्या पोरीला घाटलं असतं का त्या हायवेच्या कॉलेजात?"

सरांनी फोन कट केला. त्यांनी घेतलेली फी काही परत मिळाली नाही. आक्काताई दोनदा मागायला जाऊन आली. दुसऱ्या वेळेला ऑफिसात बसलेल्या चार पालकांना राजनंदिनीनं सांगितलेलं सगळं सांगून आली.

पहिल्या फेरीत एकविसाव्या ओळीचं कॉलेज लागलं. खाजगी, पण बरं. गणपती म्हणाला, घेऊन टाकूया. आक्काताईलाही मोह झाला, तरी ती सोनमला म्हणाली, "ही जागा धरून ठेवता येती नव्हं? मग धर आन पुढं बघ." जागा राखून सोनम दुसऱ्या फेरीला थांबली. ते दहा दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. आक्काताईनं एका पैंजणाची साखळी उलटी झाळली, असं तिच्या हातून नवीन असतानाही झालं नव्हतं.

दुसऱ्या फेरीचा निकाल लागला. पुणं नाही. सांगली अगदी थोडक्यात हुकलं. कराडचं सरकारी, इलेक्ट्रिकल, लागलं. सोनम आधी हसली, मग सांगली हुकल्याचं तिला रडू आलं, मग पुन्हा हसली. गणपतीनं कारखान्यात पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की यादी मंडळीनं केली.

प्रवेशाच्या दिवशी कराडच्या कॉलेजात मोठी रांग होती. रांगेत पुढं उभ्या असलेल्या एका सफारीवाल्या पालकानं आक्काताईच्या भाजलेल्या बोटांकडं आणि मग सोनमच्या फाइलकडं बघितलं.

"कुणाच्या थ्रू आलाय तुम्ही, ताई?"

"एसटीच्या," आक्काताई म्हणाली.

त्याला कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, "नाही, म्हणजे ओळख कुणाची?"

"हिच्या मार्कांची," ती म्हणाली आणि रांग सरकली तशी पुढं सरकली. कागद तपासून झाले, सही-शिक्के झाले. सोनम होस्टेलच्या अर्जाचं विचारायला ऑफिसात थांबली. आक्काताईनं तेवढ्यात पिशवी उचलली आणि मेसचं मागचं दार कुठं आहे ते शोधायला निघाली.